पुण्याला जाऊन काय बघायचं

रियाजनं फोनवर चित्रं दाखवली.
चार मोठे हॉल, आत गार हवा,
काचेखाली निजवलेल्या बंदुका.
“मामू, एवढं मोठं प्रदर्शन परत व्हायचं नाही.
पहाटेच्या गाडीनं जाऊ, रात्री सोलापुरात.”

मी हिशेब मांडला
लायसनच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर.
दोघांचं जाण्यायेण्याचं तिकीट.
आत शिरायचे माणशी पाचशे, नुसते बघायचे.
रिक्षा. चहा.
कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यावी
तर झडतीत काढून घेतात म्हणे.
आणि दुकान एक दिवस बंद.
त्यानं किती बुडतं, त्याला आकडा सापडेना.
ती ओळ कोरी सोडली.

आमचा हंगाम निवडणुकीनंतरचा.
आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा,
कोठीत भिंतीला पाठ लावून उभ्या,
शिक्षा झालेल्या पोरांसारख्या.
सुटतात त्या गंज धरूनच.
मग अक्कलकोटकडचा, मंगळवेढ्याकडचा एकेक जण
चादरीत गुंडाळलेलं लांबोडकं घेऊन पायरी चढतो,
“शिकलगार, बघा जरा, खटका अडकतोय.”
मी तेल देतो, नळी उजेडाकडं धरतो.
नळीतून समोरची येमूलची यंत्रमागाची शेड
रुपयाएवढी दिसते,
गोल, स्वच्छ, आवाज नसलेली.

आजा तलवारींना पाणी द्यायचा.
अब्बा ठासणीच्या बंदुका जुळवायचे.
मी दुनळीचे खटके बसवतो,
रियाज मोबाईलच्या काचा.
हत्यार बारीक बारीक होत आलंय आमच्या घरात.

जायचं कारण म्हणाल तर एकच, बिराजदारांची स्प्रिंग.
बावीस वर्षं बँकेच्या दारात उभा राहिलेला माणूस,
एकदाही चाप ओढला नाही.
आता दारात कॅमेरा आहे
आणि बिराजदार घरी.
डाव्या नळीची स्प्रिंग तुटली, कंपनी कधीच बुडाली.
म्हटलं, अण्णा, कशाला खर्च करताय आता?
तर म्हणाले,
“चालवायची नाही रे,
पण चालती पाहिजे.”

काल संध्याकाळी मल्लेशी आला,
गड्ड्याच्या जत्रेत फुग्यांचा फळा लावणारा.
तीन छऱ्याच्या बंदुका टेबलावर ठेवल्या.
“मास्तर, नेम थोडा उजवीकडं सारा.
गेल्या साली एका पोरीनं दहाचे दहा फोडले,
वर परत तिकीट काढलं,
परत दहा.
बाप बाजूला उभा राहून हसत होता,
माझं दिवाळं.”
अर्ध्या तासाचं काम.
माशी केसभर सरकवायची,
नेम धरणाऱ्याला वाटतं आपलाच हात हलला.
दोन सरकवल्या.
तिसरी हातात घेतली, बराच वेळ घेऊन बसलो,
पुसली, आणि तशीच दिली.
मल्लेशीनं पैसे मोजले तिन्हींचे.
मीही घेतले.

रात्री रियाज परत सांगायला लागला,
तिथल्या बंदुका वारा मोजतात,
अंधारात माणसाची ऊब ओळखतात,
चुकतच नाहीत.
मी म्हटलं, चुकत नाहीत
तर तिथं शिकलगाराला विचारतो कोण?
तो हसला.
मला मात्र झोप लागली नाही नीट.
काचेखालची एक दुनळी
डोळ्यासमोरून हलेना, अक्रोडाच्या दस्त्याची,
अब्बांनी अशीच एक घासली होती
वळसंगच्या कुणा पाटलासाठी.
ती बघायला पाचशे रुपये
जास्त की कमी,
पहाटेपर्यंत ठरलं नाही.

साडेपाचला रियाज बूट घालत होता.
मी तुटकी स्प्रिंग कागदात गुंडाळून
त्याच्या वरच्या खिशात घातली, बटण लावलं.
मिळाली तर दोन आण.
नाही मिळाली तर ही परत आण,
हरवू नकोस.
आणि त्या दुनळीजवळ कुणी बोलणारा असला
तर विचार,
दस्त्याला तेल कुठलं लावता.