बेंचमार्क

महाप्याच्या ऑफिसात, तिमाहीच्या मीटिंगमध्ये
साहेब सतरा वेळा म्हणाले, बेंचमार्क.
मी मोजलं. मोजायची सवय घरातली.

रात्री कोशात पाहिलं:
बेंच म्हणजे बाक, मार्क म्हणजे खूण.
बाकावरची खूण? शाळेत कर्कटकाच्या टोकानं
कोरतात तसली?

बाबा भाकरी मोडत होते.
बाकडा नाय गो, म्हणाले.
दगडात छिन्नीनं चीर मारायची,
निजलेल्या पाण्यासारखी आडवी.
चिरेत लोखंडाचा कोन बसवला
की पट्टीला टेकायला जागा झाली. तो बाक.
काम संपलं, कोन पिशवीत.
मागे चीर राहते,
आणि खालून तिच्याकडे बघणारा एक बाण.

म्हणजे बसणारं कुणी नाहीच.
उभी पट्टी, आणि पट्टी धरून उभा
हिराजी पोशा घरत, मोजणीतला खलाशी,
बत्तीस वर्षं.
जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं.
साहेबांच्या डोळ्यात माझे बाबा
डोकं खाली, पाय वर,
आभाळाला लोंबकळणारे
आणि तरीही न हलणारे.

मागची नजर आधी घ्यायची, ते सांगतात,
माहीत असलेल्या खुणेवर. मग पुढची.
मागची बोटभर चुकली
की पुढचं सगळं बोटभर चुकत जातं,
कुणाला कळतसुद्धा नाही.

चिंचपाड्याच्या विहिरीच्या कठड्यावरची चीर
त्यांच्याच हातची.
समुद्रापासून चार दशांश सहा एक पाच.
लग्नाची तारीख आईला विचारावी लागते, हा आकडा नाही.
त्याच चिरेवरून आमच्या भातखाचराची उंची निघाली,
म्हणजे भराव किती लागेल ते निघालं.
पट्टी बाबांनीच धरली होती.
साहेब लांबून ओरडले होते, शाबास, हलू नको.

खूण कुणी पुसली नाही.
तिच्यावर माती आली, मातीवर खडी,
खडीवर धावपट्टी.

रविवारी आम्ही कुंपणापर्यंत गेलो.
त्यांनी बोट दाखवलं, थोडं डावीकडे नेलं,
परत आणलं.
एक विमान उठलं, ते बघितलंच नाही त्यांनी.
हितून खाली, म्हणाले,
आणि तळहात आडवा धरला
छातीशी, मग कमरेशी,
मग वाकले.

मी त्यांची काठी घेऊन उभी होते.
वाकल्या वाकल्याच म्हणाले,
सरळ धर.