खालचं वेटोळं

डार्लिंग्टन. तीन नंबरची टेस्ट सेल.
जाड काचेपलीकडे सहा सिलिंडरचं इंजिन
पहाटेपासून एकाच वेगावर गुरगुरतंय.
अलीकडे मी, नॉर्मन अल्डरसन,
आणि त्याचा चहाचा मग,
ज्याच्या तळाशी कायम एक घोट उरलेला.

पडद्यावर दाब आणि आकारमान.
वर मोठं, फुगलेलं पान: ते काम,
ट्रक डोंगर चढतो तो त्याच्यावर.
खाली, रेघेला चिकटून, एक बारीक वेटोळं,
नखानं खरवडलं तर निघेल असं.
माझा पगार त्या वेटोळ्यासाठी.

चार भावांचं घर आहे हे.
कमावता एकच, तिघं त्याच्या जिवावर.
एक हवा आत ओढतो,
एक तिला दाबून धरतो,
आणि एक नुसता केर काढत राहतो,
जळलेलं, काळं, ऊन ऊन
ढकलत दाराबाहेर.
दाराबाहेर टर्बो उभा, वाट अडवून,
टर्बोमागे गाळणी, गाळणीमागे नळी, नळीमागे कायदा.
बाहेर पडायलाही भाडं पडतं.

चिंचवडच्या मुलाखतीत मी ठसक्यात म्हणाले होते,
डिझेलच्या गळ्यावर थ्रॉटलचा अंगठा नसतो.
म्हणजे मोकळा श्वास, असं तेव्हा वाटायचं.
इथे कळलं, थोडा धूर परत आत घ्यावा लागतो,
आणि धूर आत वळायचा तर
बाहेरचा दाब आतल्याहून जास्त हवा.
आपणच आपलं दार जड करायचं.

आज एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सहा अंश आधी उघडला.
वेटोळं आकसलं,
पण वरचं पान शेपटाकडून कुरतडलं गेलं:
जोर शिल्लक असतानाच सोडून दिला.
सहा अंश उशिरा उघडला.
पान भरलं, वेटोळं सुजलं.
"या खिशातून त्या खिशात," अल्डरसन म्हणाला,
आणि त्यानंच स्वतःच्या खिशातून
चार घड्यांचा कागद काढला.

गुरुवारी हॉस्पिटलात नळीत फुंकायला लावलं होतं.
नर्स म्हणत होती, अजून, अजून, अजून,
जणू वाढदिवसाची मेणबत्ती विझत नाहीये.
त्यानं कागद पडद्याला टेकवला.
"हेही वेटोळंच की. माझं किती टक्के जातं?"

"अक्ष वेगळे आहेत," मी म्हणाले,
"इथे दाब नाही, प्रवाह आहे."
आणि लगेच वाटलं, कशाला म्हणाले.
तो मान डोलवत राहिला.
बत्तीस वर्षं त्यानं या सेलची दारं उघडलीयेत,
इंजिन गार व्हायच्या आधी,
पंखे नव्हते तेव्हापासून.
त्याचा बाप डरहॅमच्या कोळशातला.
तो मात्र, त्याच्या मते, स्वच्छ धंद्यात आला.

साडेचारला बाहेर काळोख.
नोंद केली: तीन पूर्णांक एकवरून दोन पूर्णांक आठ.
इंजिन बंद केलं. कानावरची झाकणं काढली.
गरम धातू टिकटिकत होता,
आणि त्याच्या आत कुठेतरी
बारीक शिट्टी, अल्डरसनची,
प्रत्येक श्वासाच्या शेवटाला.
इतकी वर्षं इंजिनामुळे ऐकू आली नव्हती.

पार्किंगला जायला अकरा पायऱ्या.
पाचवीवर तो थांबला,
आभाळाकडे बघतोय असं दाखवत.
आभाळात काहीच नव्हतं.
मी पर्स उघडली
आणि किल्ली शोधत राहिले,
जी हातातच होती.