भिंतीपासून साडेतीन फूट

रामदासपेठेतले डॉक्टर बडकस कॅनडाला मुलाकडे निघाले
तेव्हा त्यांनी फ्रीज विकला, पलंग विकला
आणि हे दोन स्पीकर माझ्या गळ्यात मारले.
छोट्या हत्तीत गादीवर आडवे घालून
त्रिमूर्तीनगरला आणले.
गॅलरीतून डवरे म्हणाले,
"काहून जी, संडासचे दरवाजे बदलवून राहिले का?"

खोका नाही, गोल भोंगा नाही.
उंची माणसाएवढी, जाडी पाटाएवढी.
आत एक पापुद्रा, त्यावर नागमोडी तार,
आणि जाळीमागे चुंबकांची शिस्तीत रांग.
पहिल्या रात्री
तंबोऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी उभ्या राहिल्या.
गाणारीनं श्वास घेतला, तो
टीपॉय आणि खिडकी यांच्या मधे घेतला.
मी उठून पंखा बंद केला.
एकोणतीस वर्षं आयुधनिर्माणीत मायक्रोमीटर धरला,
अचूक काही दिसलं की
माझे हात आपोआप पाठीमागे बांधले जातात.

आता दुसरी बाजू.
हे भिंतीला टेकत नाहीत. साडेतीन फूट पुढे लागतात,
कारण जेवढं पुढे गातात तेवढंच मागेही.
हॉल आमचा बारा बाय चौदा.
उरला किती, ते कुमुद टेप लावून दाखवते.
पाहुणा तिरपा होऊन आत येतो,
जावई तर दारातच चहा पितो.
वीज इतकी पितात की अ‍ॅम्प्लिफायरवर दही लागेल.
आणि डग्गा?
डग्गा दुसऱ्याच्या घरी वाजल्यासारखा,
पोटात काही उतरत नाही.
ती कसर गणपतीत चौकातला डीजे भरून काढतो,
फुकट, पहाटेपर्यंत.

आणि मे.
सत्तेचाळीस अंशाला पापुद्र्यावरचा गोंद
तारेचा हात सोडतो.
गाणारीच्या षड्जात माशी शिरली.
मोमिनपुऱ्याचे शकूरभाई आले, जाळी उतरवली,
चष्मा कपाळावर, बराच वेळ नुसतं पाहिलं.
"साब, ये तो पापड है."
मग चार दिवस
रांगोळी भरावी तसा ब्रशनं गोंद भरत बसले,
आणि पैसे सांगताना खाली पाहिलं.
तेव्हापासून उन्हाळ्यात
कूलर आम्ही स्पीकरसाठी लावतो.
कूलर लागला
की ऐकू येतो फक्त कूलर.

पण हे सगळं चालतं. खुर्ची चालत नाही.
खुर्ची एकच.
फरशीवर खडूची फुली आहे, तिच्यावरच ठेवायची.
डोकं वीतभर सरकलं
की गाणारी डाव्या पडद्यात जाऊन बसते.
दोघांनी मिळून ऐकायची सोय
बनवणाऱ्यानं ठेवलीच नाही.
"तू बस ना," मी कुमुदला म्हटलं.
ती बसली. पाच मिनिटं.
"छान आहे," म्हणाली,
शेजारणीनं पाठवलेल्या भाजीला म्हणतात तसं.

पौषात एका दुपारी पाहतो तर
दोन पडद्यांच्या मधोमध, त्यांच्याच रेषेत,
पाट टाकून ही सोले काढत बसलेली.
"बाप्पा, तिथं कशाला?"
"इथं काही ऐकूच येत नाही," म्हणाली, खुशीत.
"पूर्ण वाजून राहिलं, आणि काही नाही. बसून पाहा."

गुडघे वाजवत बसलो.
पुढचा सूर आणि मागचा सूर
तिथे एकमेकांना खोडत होते.
समोर माझी रिकामी खुर्ची
सगळं गाणं एकटी ऐकत होती.
आणि इथे, हातभर कोरड्या जागेत,
तुरीची शेंग फुटली, तेवढी ऐकू आली.
तिनं माझ्यापुढे सूप सरकवलं.
अकरा वर्षं मी हे स्पीकर मोजतो आहे,
ही जागा मला माहीत नव्हती.

डवरे अजून विचारतात, गिऱ्हाईक आहे, विकता का?
मी म्हणतो, पाहू.
उन्हाळा निघू द्या.