गट एकोणिसावा

बांबोळीच्या माळावर जांभा अजून रात्रीचा गार असतो
तेव्हा मी वर्ग उघडतो.
चाळीस पोरं, चाळीस हेडफोन,
कुणी लुंगलेईचा, कुणी बाडमेरचा, एक आपला साखळीचा शेटकर.
आपापली भाषा दाराबाहेर, बुटांसारखी काढून ठेवायची.
इथं दोनच शब्द : डी आणि डा.

कान थेट बोटांना जोडा, सांगतो.
मधे डोकं आणू नका.
पाच-पाच अक्षरांचे गट येतील
कच्च्या काजूबियांसारखे,
फोडायला गेलात तर हात भाजतील.
आले तसे पुढे द्या. अर्थ तुमचा नाही.

आणि हात साफ ठेवा.
डा लांबवायची खोड, गटाआधी घेतलेला श्वास,
शत्रू एवढ्यावरून माणूस ओळखतो.
तुम्हाला कुणी ओळखता कामा नये.

हे मी फळ्यावर लिहितो.
लिहीत नाही ते असं :

नकाशात जिला नुसता आकडा होता अशा एका उंचीवर
मी होतो, आणि पलीकडे एक हात.
तेरा महिने. चेहरा नाही, नाव नाही.
'एल' मारताना शेवटचा ठिपका तो उशिरा टाकायचा,
अंधारात शेवटची पायरी चाचपावी तसा.
दुरुस्त कर, असं मी कळवायला हवं होतं.
नाही कळवलं.
त्या खोडीवरूनच तर कळायचं, तो आहे.

पहाटेचे तीन चाळीस. गट एकोणिसावा.
पाचातली तीन अक्षरं आली.
मग खरखर,
तापल्या तव्यावर मीठ टाकल्यासारखी.
विचारलं. पुन्हा विचारलं. वहीत वेळ लिहिली.

चार एकवीसला गट परत आला, पहिल्यापासून,
पाचही अक्षरं, 'एल'सुद्धा नेमका, वेळेवर.
दुसरा हात.

संदेश पुरा झाला.
आमचं काम तेवढंच.
मी पोच दिली.

आता रविवारी सांताक्रूझला
पोदेर येतो सायकलवरून, भोंगा दाबत,
घाईत, वाटेल तसा.
आज दाबला त्यानं : लांब, आखूड, लांब.
आमच्यात याचा अर्थ, बोल, ऐकतोय.

मी फाटकाशी उभा, हातात कापडी पिशवी.
"कितले जाय?"
पाच उंडे, म्हणालो.

त्यानं मोजूनच दिले.
घरात येऊन मी पुन्हा मोजले.