पंच्याऐंशी

सेन्सर पुरल्याच्या चौथ्या दिवशी दलदल उकळली.
निदान पडद्यावर तरी. पंच्याऐंशी अंश,
रात्रीचे अकरा, उजेड अजून रेंगाळतोय,
कापूसगवतावर धुकं बसलंय,
आणि दर दहा मिनिटांनी पंच्याऐंशी.

वायरी ओढून पाहिल्या. सोल्डर पुन्हा केलं, बोट भाजलं.
तीन पायांचा काळा दाणा, तुरीएवढा,
त्याच्या दोन पायांमध्ये रेझिस्टर,
पिवळा, जांभळा, तांबडा:
हे रंग मी झोपेतही बरळते, असं खोलीतली मुलगी सांगते.

उर्वे खांद्यावरून डोकावली. हसली नाही.
म्हणाली, बिघडलेला नाहीये तो.
जागा होताना हाच आकडा असतो त्याच्या पोटात,
तू घाई केलीस विचारायची.
'अजून मोजलं नाही' म्हणायला त्याच्यापाशी शब्द नाही,
म्हणून तो पंच्याऐंशी म्हणतो
आणि वेळ मारून नेतो.

ही खोड माझ्या ओळखीची.

मी नार्वाची. घरात रशियन, खिडकीत नदी,
नदीपलीकडे दुसरा देश.
एस्टोनियन शिकले ते परीक्षेपुरतं, कागदावरचं.
इथे हेल्दुर शब्दांची टोकं चावून टाकतो,
पाईप तोंडात असला की मधलेही.
जूनपासून तो काहीही म्हणाला की मी म्हणते, याह.
काय विचारलं असेल कुणास ठाऊक. याह.
एकदा तो बराच वेळ बोलला, डोळे पुसले,
तेव्हाही मी, याह.

सत्त्याहत्तर वर्षांचा आहे तो. तरुणपणी यंत्रावर बसून
यानंच हे चर खोदले, दलदल सुकवायला.
आता त्याच चरांत आम्ही ओंडके आडवे बसवतो,
पाणी माघारी यावं म्हणून,
आणि येतंय का, ते माझे दाणे सांगणार.
त्याला कसं वाटतं, ते मी विचारलेलं नाही.
प्रत्येक ओंडका तो टाचेनं दोनदा दाबतो.

गुरुवारी त्यानं उजवीकडे बोट केलं,
काहीतरी म्हणाला, त्यात 'लौगस' होतं.
मी म्हणाले याह
आणि उजवीकडे गेले.

शेवाळ होतं, हिरवंगार, गादीसारखं.
गुडघा. मांडी. कंबर.
बॅटरीचा डबा मी डोक्यावर धरला होता, दोन्ही हातांनी,
जसं काही बुडणार होता तो, मी नव्हे.
हेल्दुरनं फळी सरकवली, तिच्यावर पालथा पडला,
कॉलर धरून मला ओढून काढलं, शिव्या देत;
शिव्या मात्र सगळ्या समजल्या.
एक बूट खालीच राहिला.
इथे काही कुजत नाही, उर्वे नंतर म्हणाली,
हजार वर्षांनी सापडेल कुणाला तरी, छत्तीस नंबरचा.

ओंडक्यावर मी थडथडत बसले होते.
त्यानं विचारलं, या वेळी एकेक शब्द सोलून:
लौगस म्हणजे काय, माहीत होतं तुला?
जीभ सवयीनं त्याच वाटेला लागली.
थांबवली.
एइ तेआ, म्हटलं. माहीत नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग काठी घेतली,
ओल्या काळ्या मातीत रेघोट्या ओढल्या:
हा उंचवटा, यावर पाय दे.
हे लौगस, पाण्याचा डोळा, यावर नाही.
आणि दोघांच्या मधली ही मऊ जागा,
हिला... त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं,
त्याची आई हिला काहीतरी म्हणायची.
एइ तेआ, तो म्हणाला.

रात्री प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या.
पाऊण सेकंद थांब, मग विचार.
तरीही पंच्याऐंशी आलं
तर रकाना कोरा सोड.

आलेखाला आता भोकं पडली आहेत.
उर्वे म्हणते, राहू देत.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं:
अर्धा मीटर खाली, नऊ पूर्णांक चार अंश.
पाच वीस: कोरं.
पाच तीस: नऊ पूर्णांक चार.
डावा बूट खिडकीत वाळतोय.