अनुक्रमांक सहाशे एकेचाळीस

येरवड्यात, तुरुंगाच्या भिंतीपासून
चालत सात मिनिटांवर
मनपाची शाळा, इयत्ता चौथी ब.
फळ्यावर कालचा भागाकार तसाच, बाकी उरलेली.
माझ्याकडे शाईची बाटली:
मतदान अधिकारी क्रमांक दोन.
एरवी मी धानोरीला भूगोल शिकवते.

अकराच्या सुमाराला शालन अवघडे आली,
कडेवर पोर, हातात दोन चिठ्ठ्या.
एक तिची. दुसरी
अवघडे गोरख लहू, पुरुष, वय चौतीस.
यादीत फोटोही होता, पाणी लावून पाडलेला भांग,
कॉलरचं वरचं बटण लावलेलं.
म्हणाली, मॅडम, हे हितंच हायेत, भिंतीपलीकडं.
पोलीस संगं द्या, हातकडी घालून आणा,
चालतील ते.
रांगेत कुणीतरी हसलं.
मीही हसले असते, पण तिनं विचारलं ते
बसचा नंबर विचारावा तसं.

केंद्राध्यक्ष दातार साहेबांनी चष्मा पुसला,
पुस्तिका उघडली, कलमावर बोट ठेवलं.
शिक्षा झालेली असो वा नसो,
आत आहे तो मत देणार नाही.
पण साहेब, शिक्षा कुठं झालीया?
तीन वर्षं नुसती तारीख पडतीया.
जामीन मंजूर हाय, पंधरा हजाराला
उभा ऱ्हायला माणूस मिळंना.

भिंतीवर उमेदवारांची यादी चिकटवलेली.
चौथ्या नावावर किती गुन्हे
ते त्यानं स्वतःच पेपरात छापून दिलंय, नियमाप्रमाणे.
त्याला माणूस मिळाला.
आतून उभं राहता येतं, दातार साहेब हळूच म्हणाले,
आतून निवडूनही येता येतं.
आतून निवडता तेवढं येत नाही.
आणि पुस्तिका मिटली.

मी काही त्यांच्या बाजूची नाही.
माझ्या वर्गातली ऊर्जिता खराडी बायपासला
ज्याच्या गाडीखाली गेली, तोही आतच आहे.
त्याचं बोट माझ्यापुढं आलं तर
शाई लावीन मी?
रात्री वाटतं, त्यानं मत देऊ नये,
त्यानं जेवूही नये.
पण निकाल मला पाठ आहे, शेवटच्या पानासकट:
इतकी वर्षं, इतका दंड,
दंड न भरल्यास आणखी इतके महिने.
मताचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

शालननं बोट पुढं केलं.
धुण्याभांड्यानं फुगलेलं, नखाशेजारी चीर.
शाई चिरेत उतरली, तिनं ओठ दाबला.
म्हणाली, त्यांच्या तर धाही बोटांना लावली हुती
आत घेताना.
मग पुठ्ठ्याच्या आड गेली.
यंत्र पीऽऽ वाजलं, पोरानं तसाच आवाज काढला.
जाताना दुसरी चिठ्ठी टेबलावर विसरली,
की ठेवून गेली.

दुपारी वर्दळ ओसरली आणि बाटली कलंडली.
पुसायला वाकले तर टेबलाच्या पोटाला शिक्का,
कारागृह उद्योग, साल पुसट.
चांगलं टेबल आहे. डुगडुगत नाही.

सहाला दार लावलं.
एक हजार बावीसपैकी पाचशे सदतीस.
उरलेले सिंहगडावर गेले, लोणावळ्याला गेले,
पंख्याखाली झोपून राहिले.
त्यांच्या नावापुढं कोरं.
गोरखच्या नावापुढंही कोरं.
मी विचारलं, इथं काही शेरा लिहायचा?
दातार साहेब म्हणाले, बाई, लाख वितळलीय, सील करा.

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे.
अंगठ्याची शाई लिंबानंही जात नाही,
आणि ती माझ्या मताची नाही.
ड्युटीवाल्यांचं मत टपालानं जातं,
माझं गेल्या आठवड्यातच गेलं:
लिफाफ्यात लिफाफा, वर सही, तिकीटही नको.
शालन रांगेत कुणाला तरी सांगत होती,
पत्रं पोचत्यात आत.
फोडून देत्यात,
पण पोचत्यात.