पाकिटामागचा मजकूर

कॅम्पातल्या डिमेलोबाईंनी गोव्याला जाताना
रद्दीत दिलेली एक रेकॉर्ड.
वाजवायला यंत्र कुठलं?
मष्णू हुंदरेनं पाकिटामागचा मजकूर तेवढा
फादरकडून वाचून घेतला, दोनदा.

शांदोर कुणीतरी, हंगेरीचा.
नवव्या वर्षी राजवाड्यात व्हायोलिन.
मग सरहद्द सरकली. गाव होतं तिथंच,
टपाल तेवढं दुसऱ्या देशातून येऊ लागलं.
"आमच्यासारखंच की," मष्णू म्हणाला
आणि धोटा फेकला.

पुढं युद्ध. डाव्या हाताची दोन बोटं.
त्यानं व्हायोलिन विकलं नाही, उघडलंही नाही.
पुढच्या हिवाळ्यात साठ वादकांपुढं
नुसती काडी घेऊन उभा राहिला.

मष्णूची बोटं मागानं नेली
तो शनिवार होता, लाइट नुकतीच आलेली.

आता शहापुरातली वरात बगा:
क्लॅरिनेट खानापूरचं, ढोल गोकाकचा,
ट्रम्पेट कोकणीत शिव्या देतं.
मष्णू रस्त्याकडं पाठ करून
उलटा चालतो, हातात सुताची रिकामी कांडी.
ती खाली आली की सगळे गप्प.
घोडा तेवढा फुरफुरतो.

परवा पोरगा म्हणाला, तुमचा तो हंगेरीवाला
फोनवर लावू काय?
मष्णू कांडी पुसत राहिला.
"नको. बेताल निघाला तर?"